पंपवाल्याच्या छातीतून

मी एक जुने हृदय आहे. पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या छातीत बावन्न वर्षे मुक्काम ठोकून आहे. मित्रांनो, दिवसाला लाखभर ठोके द्यायचे आणि कौतुकाची अपेक्षा ठेवायची नाही, हा माझा धंदा. रडगाणे गायची मला सवय नाही. पण आज मला भीती वाटते आहे, म्हणून बोलतो आहे.

मागच्या महिन्यात मिस्त्रींच्या मुलीची विज्ञानाची परीक्षा होती. त्यांनी जेवणाच्या टेबलावरच खडूने चार कप्पे काढले. "हे वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. वापरलेलं रक्त उजवीकडे येतं. उजवा निलय ते फुफ्फुसात ढकलतो. तिथून ऑक्सिजन घेऊन ते डावीकडे येतं आणि डावा निलय ते डोक्यापासून पायापर्यंत पोचवतो. मधे झडपा. रक्त पुढे गेलं की झडप बंद, मागे फिरायचं नाव नाही. पंपाच्या पाइपातला फूट व्हॉल्व्ह तेच करतो की!"

"मग याला वीज कुठून येते, बाबा?"

"ठिणगी याची याच्यातच असते. इथे, उजव्या अलिंदात."

ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण ती पंपाला लागू नाही. माझ्यातून एवढे रक्त वाहते, पण त्यातून मला थेट काही मिळत नाही. माझी भूक भागवतात माझ्या अंगावरून गेलेल्या बारीक रक्तवाहिन्या. त्यांतली एक वर्षानुवर्षे आतून गाळ धरत चालली आहे. सपाटीवर कसेबसे भागते. जिना आला, काम वाढले, की मी उपाशी कळवळतो. मला तोंड नाही. माझी हाक कधी हातातून जाते, कधी पाठीतून. मिस्त्रींच्या बाबतीत ती जबड्यातून गेली.

आणि इथेच घात झाला. मिस्त्रींची रीत अशी, की स्क्रू ड्रायव्हरचे टोक पंपाला लावायचे, मूठ कानाला, आणि आवाज जिथून येतो तो भाग काढून टाकायचा. दुखण्यालाही त्यांनी तोच नियम लावला. जबड्यात दुखते, म्हणजे खोट दाढेत. दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्याही, "कीड थोडीशीच आहे. एवढं दुखायला नको. नेमकं कधी दुखतं?" जिना चढताना दुखते आणि थांबले की दुखणे बंद होते, हे मिस्त्रींनी सांगितलेच नाही. दाढेला जिन्याचे काय, असे त्यांना वाटले. "काढून टाका, कटकट नको," म्हणाले. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मला राग आला, आणि रडूही आले.

काल त्यांच्या पत्नीने टोकले, "चेहरा किती उतरलाय तुमचा. एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवून या ना."

"अगं, दाढ काढलीये. थोडे दिवस असंच राहणार."

आज सकाळी एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवरचा पंप बंद पडला. लिफ्टही बंद. मिस्त्रींनी अवजारांची पेटी उचलली. पहिल्या मजल्यावर मी कुरकुरलो. दुसऱ्यावर ओरडलो. तिसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून थांबले. कपाळावर गार घाम आला होता. त्यांची जीभ दाढेकडे गेली. तिथे दाढ नव्हती. नुसता खड्डा होता, आणि तोही भरत आला होता. तरी जबडा ठणकत होता.

आता तरी समजा, मी जिवाच्या आकांताने म्हणत होतो. मिस्त्रींनी हात उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ठेवला.

इतक्यात वरून एका आजींनी हाक मारली, "मिस्त्री, आलात का? घरात थेंब नाही हो पाण्याचा!"

"आलो, आलो आजी," मिस्त्री म्हणाले, आणि तो हात पुन्हा पेटीकडे गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी जिन्यात मधेच थांबत असेल, कुठे दुखते ते सांगायला कचरत असेल, तर त्याला वर जाऊ देऊ नका. हात धरून खाली बसवा, मोठ्यांना हाक मारा, लगेच डॉक्टरांकडे न्या. आमच्या जिन्यात या क्षणी कोणीही नाही. तिसऱ्या मजल्यापासून पाच पायऱ्या झाल्या. मिस्त्रींनी सहावीवर पाऊल ठेवले, आणि माझा एक ठोका चुकला.