लेस्टर बोडीनची साक्ष

कमलाकर दाबके बोलायला उभे राहिले, तेव्हा ताजुन्निसा मागच्या रांगेत समोशाची प्लेट मांडीवर घेऊन बसली होती. सौदीतल्या जुबैलच्या मराठी मंडळींची शुक्रवार दुपारची बैठक होती. तिला यायचंच नव्हतं. पण तिचा जावई शाहिद प्लांटवर दाबक्यांच्या हाताखाली होता, त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपायला महिना उरला होता आणि नूतनीकरणाला साहेबांची शिफारस लागायची. "सगळ्यांनी यायचं, अम्मी," त्यानं बजावलं होतं. "कोण आलं, कोण नाही, साहेब ध्यानात ठेवतात."

साहेबांचा विषय होता लेस्टर बोडीन. जुन्या अमेरिकन सिनेमातला चरित्र अभिनेता. त्याच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, ते छापायला चाललं होतं.

दाबके बोलायचे छान. नेब्रास्कातल्या एका खाटकाचा हा मुलगा. लहानपणी खेचरानं लाथ मारली, नाक कायमचं वाकडं झालं, आणि त्या नाकावरच पुढं त्याचं पोट चाललं. आधी तंबूतली नाटकं, मग लढाईत जहाजावर आचारी, मग सिनेमा. एकशे एकतीस भूमिका. कधी दारूच्या गुत्त्याचा मालक, कधी शेरीफचा मदतनीस, कधी दगाबाज वाटाड्या. "पडद्यावर हा माणूस चौसष्ट वेळा मेला," दाबके म्हणाले. "नायक मरत नसतो. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी मरावं लागतं. नाशिकरोडच्या थिएटरात आठ वर्षांचा असताना मी त्याला पहिल्यांदा मरताना पाहिलं आणि घरी जाऊन जेवलो नाही."

लोक हसले. तो म्हातारा असताना आपण त्याच्याशी फोनवर बोललो होतो, हेही त्यांनी सांगितलं. मग ते म्हणाले, "आणि मंडळी, हा बोडीन इथं येऊन गेलाय. एकोणीसशे पंचावन्नला, इथून तासाभरावर, एका तेल कंपनीच्या सिनेमासाठी."

बोडीन. तोवर ताजुन्निसाचं अर्धं लक्ष समोशात होतं. हे नाव तिनं पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याआधी मात्र रोज ऐकलं होतं, कोकणात, हर्णैला, घरात.

पडद्यावर फोटो आला. वाकड्या नाकाचा गोरा माणूस एका पिंपावर बसलाय, आणि त्याचा हात शेजारच्या किडकिडीत तरुणाच्या खांद्यावर. तरुणाच्या हातात ओलं गोणपाट. तो हसत होता. दोन्ही गाल नीट, दोन्ही कान जागेवर.

ताजुन्निसानं आपल्या बापाचा अख्खा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ती दोन वर्षांची असताना जमालुद्दीन अरबस्तानातून परतला, तेव्हा उजवी बाजू वितळलेल्या मेणासारखी झाली होती.

"इथं एक छोटा अपघातही झाला," दाबके सांगत होते. "आगीचं दृश्य होतं. एका मजुरानं पिंपांजवळ बिडी पेटवली. बोडीनच्या भुवया जळाल्या, पण दुसऱ्याच दिवशी हा गडी कॅमेऱ्यापुढं उभा!"

टाळ्या पडल्या. ताजुन्निसा उभी राहिली. प्लेट खाली पडली.

"खोटं आहे."

सगळे वळले. उझमानं, तिच्या मुलीनं, तिच्या ओढणीचा पदर ओढला.

"बिडी कुणी पेटवली नव्हती. पलिता तुमच्या बोडीननं फेकला. थांब म्हटलेलं असताना फेकला, ज्वाळा मोठ्या दिसाव्यात म्हणून. मागं माझा बाप पिंपांवर ओली गोणपाटं टाकत होता. तो बघा, तो! आणि चौकशीत तुमच्या ह्या माणसानं सांगितलं की ह्यानं बिडी ओढली. जखमा ओल्या असताना बोटीत घातलं त्याला."

दाबक्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, चौकशीचा अहवाल मी स्वतः वाचलाय. घरच्या ऐकीव गोष्टींवर चरित्र लिहीत नाहीत." मग सभेकडं वळून ते हसले. "चला, चहा घेऊ या."

लोक चहाकडं गेले. जाताना एकानं दुसऱ्याला विचारलं, "ही कोण?" आणि दुसरा म्हणाला, "शाहिदची सासू." शाहिदनं ते ऐकलं.

घरी पोचताच त्यानं दार लावलं आणि मग सुटला. "सत्तर वर्षांपूर्वीचं मेलेलं मढं उकरायला माझाच साहेब सापडला तुम्हाला? उद्या सकाळी जाऊन माफी मागायची."

"मी?"

"नाहीतर काय मी? मुलांच्या शाळेचं वर्ष अर्ध्यावर आहे. इकामा खलास झाला तर सगळ्यांनी हर्णैला बसून तुमच्या बाबांच्या गोष्टी ऐकायच्या का?"

उझमा मधे पडली, तर त्यानं तिलाही झापलं. ताजुन्निसाला जावयाचा राग आला, आणि त्याचं खरं आहे हे कळत होतं म्हणून आणखी आला. तिच्या बापाला गावात 'बिडी जमाल' म्हणायचे. ज्यानं जन्मात विडी ओठाला लावली नाही, त्याला. मशिदीतून येताना पोरं मागून ओरडायची, "चाचा, माचिस है?" म्हणून तो शुक्रवारचाही घरीच बसायला लागला. घरात बसून एकच हकिकत, एकाच शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगायचा. आई कंटाळायची. ताजुन्निसाही कंटाळायची. एकदा तिनं, पंधरा वर्षांची असताना, "पुरे आता बाबा, ओढली असेल तर ओढली असेल," असं म्हटलं होतं. त्यानंतर तो तिच्याशी त्याबद्दल कधी बोलला नाही. हे तिनं कुणालाच, उझमालाही, सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी ती दाबक्यांच्या घरी गेली. सोबत शाहिद आणि उझमा. दाबक्यांची बायको मंजिरी, तिनं दार उघडलं. दिवाणखान्याच्या चारही भिंतींवर बोडीन होता. टोपीतला, बंदूकवाला, फासावर लटकलेला.

"बसा," दाबके म्हणाले. माफी ऐकायच्या तयारीनं ते खुर्चीत मागं रेलले.

ताजुन्निसा बसली नाही. "साहेब, एवढंच विचारायचंय. तो म्हातारा असताना तुम्ही त्याच्याशी फोनवर बोललात, असं काल म्हणालात. तेव्हा ह्या आगीचं विचारलंत का?"

"अम्मी!" शाहिद दबक्या आवाजात म्हणाला.

"विचारलं," दाबके म्हणाले. "त्याला काही आठवत नव्हतं. एकोणऐंशी वर्षांचा होता."

मंजिरी चहाचा ट्रे ठेवत होती. वर न बघता ती म्हणाली, "आठवत होतं की."

"मंजिरी, तू आत जा."

ती आत गेली. दाबके शाहिदकडं वळले, आणि ताजुन्निसा तिथं नाहीच अशा आवाजात म्हणाले, "घरच्या माणसांना आवर घालता येत नाही त्याच्या हाती मी शिफ्ट कशी सोपवायची, सांग मला." शाहिदची मान खाली गेली. तिघं चहाला हात न लावता उठले.

त्याच दुपारी मंजिरी स्वतः गाडी चालवत त्यांच्या घरी आली. आत यायलाही तयार नव्हती. उंबऱ्याबाहेरूनच तिनं ताजुन्निसाच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला.

"त्या फोनच्या कॅसेटवरून उतरवून घेतलंय त्यांनीच. तुमच्यावर उपकार करतेय असं समजू नका. तेहतीस वर्षं तो माणूस माझ्या घरात राहतोय. माझ्या मुलाच्या मुंजीचे फोटो लावायला भिंत मिळाली नाही. मला ह्यांना एकदा हरलेलं बघायचंय."

उझमा इंग्रजी शिकवायची. तिनं लॅपटॉपवर ऐकत ऐकत आईला सांगितलं. शाहिद दाराशी उभा होता, बघतो-ऐकतो आहे असं दाखवत नव्हता.

आधी म्हाताऱ्याचा खोकला. मग तो म्हणाला, पलिता मीच फेकला. दिग्दर्शक थांब म्हणाला होता, पण मला वाटलं, एकदा तरी लोकांनी माझ्याकडं बघावं. मागं एक हिंदुस्थानी पोरगा होता. चांगला होता, मला पाणी आणून द्यायचा. कंपनीच्या माणसानं विचारलं, तो बिडी ओढत होता ना? मी हो म्हटलं. दोन वेळा म्हटलं. खाटेवरून तो माझ्याकडंच बघत होता. त्याचं नाव काय ते मी विचारलंच नाही.

मग तरुण दाबक्यांचा आवाज आला. इंग्रजी अडखळतं, पण उत्साही. उझमा थांबली.

"काय म्हणाला?" ताजुन्निसानं विचारलं.

"म्हणाला, ते राहू द्या सर. लोकांना त्यात रस नाही. तुम्ही पहिल्यांदा फासावर गेलात, तो प्रसंग सांगा."

"आणि तो?"

"त्यानं सांगितला. दोघं हसतायत."

ताजुन्निसाला रडू आलं नाही. बापाची हकिकत शब्दाशब्दानं जुळत होती, पलिता, थांब, दोनदा हो, आणि ती पंधराव्या वर्षी त्याला काय म्हणाली होती ते तिला पुन्हा ऐकू आलं. "मंडळाच्या ग्रुपवर टाक," ती म्हणाली.

उझमानं नवऱ्याकडं पाहिलं. शाहिदनं खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "माझ्या फोनवरून टाक. नाहीतर म्हणतील, बायकांनी केलं."

दोनशेबारा माणसांच्या ग्रुपवर ते तासभर राहिलं. कुणी लिहिलं, घरगुती संभाषण चोरणं शोभत नाही. कुणी लिहिलं, साहेबांच्या निवृत्तीच्या तोंडावर हे काय. एकानं फक्त ऐकल्याची खूण टाकली आणि मग तीही काढली. संध्याकाळी शाहिद आणि उझमा दोघांनाही ग्रुपातून काढून टाकलं. शिफारस झाली नाही. कुणी तसं म्हटलं नाही, कागद टेबलावरून पुढं सरकला नाही, इतकंच. शाहिदनं पंधरा दिवस दारं ठोठावली, आणि शेवटी हुफूफला खजुराच्या एका पॅकिंग कारखान्याच्या मालकानं कफील, म्हणजे परवान्याचा जामीनदार, होऊन त्याला यंत्रांच्या देखभालीवर घेतलं. पगार कमी, घर लहान. मुलांची शाळा बदलली. थोरल्या नातीनं आठवडाभर आजीशी अबोला धरला.

शाहिद बोलायचा, पण कामापुरतं. एकदा जेवताना मात्र त्यानं विचारलं, "बाबांचा तो फोटो मिळेल का कुठं? नीट चेहऱ्याचा?" ताजुन्निसा म्हणाली, दाबक्यांकडंच आहे. 

डिसेंबरात पुस्तक निघालं. मंजिरीनं उझमाच्या फोनवर तिच्या आईसाठी निरोप पाठवला. दाबक्यांनी अरबस्तानचं अख्खं प्रकरणच काढून टाकलं होतं. पंचावन्न साल पुस्तकात नव्हतंच. बोडीन चौपन्नातून थेट छप्पनात जात होता. खाली मंजिरीनं लिहिलं होतं, "तुमच्या वडिलांवरचा आळ आता छापला गेला नाही. माघार घेतली त्यांनी. ह्यात समाधान माना."

उझमानं तो निरोप दोनदा वाचून दाखवला. ताजुन्निसा खजूर निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तिला लिही. आळ गेला, तसा माणूसही गेला. मला नाव हवं होतं. जमालुद्दीन, हर्णै. एवढं छापायला किती जागा लागते, विचार तिला."

उझमानं तसंच लिहून पाठवलं.