नाशिकचं दुपटं

"काय हुडकायलाव, आत्याबाई?"

संघप्रिया सेलूला पार्सलं टाकून नुकतीच वालूरला परतली होती. चपला काढता काढता तिला दिसलं, सासूबाई चांगुणाबाई गुडघ्यांवर बसून फरशीवरून दोन्ही तळवे फिरवत होत्या. बाज भिंतीला उभी केलेली, चिंध्यांचं गाठोडं सोडलेलं.

"काई न्हाई. तू च्या ठेव."

"काई न्हाई तर बाज कशाला उचलली?"

चांगुणाबाईंनी कनवटीचा पीळ सोडला आणि हात पुढं केला. तळव्यावर सुईचा तुकडा होता, नेढ्याकडचा. पुढचं टोक नव्हतं.

"कवा तुटली?"

"काल. दिवेलागणीला."

"काय शिवताना?"

चांगुणाबाईंनी मान खाली घातली. "दुपटं."

संघप्रिया उभीच राहिली. ते दुपटं तिनं सकाळी स्वतःच्या हातांनी बांधून पार्सलात दिलं होतं. नाशिकच्या सुनेत्राताईंनी त्यासाठी आपल्या आईचं जुनं पिवळं लुगडं पाठवलं होतं. आई गेली त्याच साली त्यांच्या लेकीला मुलगी झाली. बारशाला बाळ त्या लुगड्यात निजावं, एवढीच त्यांची इच्छा होती. संघप्रियानं घडी घातली, कडुनिंबाचा पाला ठेवला, प्लास्टिक चढवलं, खोक्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. एरवी ती बांधण्याआधी प्रत्येक वाकळीवरून एकदा हात फिरवायची. आज जीप चुकेल म्हणून तेवढं राहिलं.

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"चाचपलं होतं मी. दोनदा चाचपलं. काई लागलं न्हाई हाताला."

"तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू सुई धरू दिली असतीस का मला?"

सासूबाईंचा मोतीबिंदू काढल्यापासून संघप्रिया सारखं म्हणत होती, आता बास करा, आता मी शिवते. आणि चांगुणाबाई तेवढं एक ऐकत नव्हत्या. नवरा गेला तेव्हा लेक सिद्धोधन रांगत होता. तेव्हापासून त्यांनी दिवसा लोकांच्या रानात खुरपं धरलं आणि उरलेल्या वेळात लोकांच्या वाकळी शिवल्या. गावात अशी घरं थोडी होती, जिथं त्यांच्या टाक्याखाली कुणी झोपलं नव्हतं. सिद्धोधन पुढं पुण्याकडं कंपनीत लागला. संघप्रियानं सहज म्हणून एका वाकळीचा फोटो मोबाईलवर टाकला आणि लांबलांबून माणसं विचारायला लागली. एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला. सगळा धंदा असा सांगण्यावर उभा होता.

"नाशिकला फोन लावते," संघप्रिया म्हणाली.

"काय सांगतीस? लेकराच्या दुपट्यात सुई पाठवली म्हून?"

"हां. तेच."

फोन बंद लागला. सेलूच्या पार्सल ऑफिसचा नंबर लावला, तो नुसता वाजत राहिला. मग तिनं मेसेज लिहिला : *दुपटं मिळालं तर उघडू नका. आत सुईचं टोक राहिलं असंल.* अंगठा क्षणभर तसाच राहिला. हा मेसेज किती घरांत फिरेल हे तिला दिसत होतं. मग तिनं पाठवला. खाली एकच टिक उमटली.

"सेलूला जायचं म्हणलं तर जीप हाय का आता?" असं स्वतःशीच पुटपुटत तिनं पिशवी उचलली. चांगुणाबाई तिच्या आधी दारात होत्या.

"तुमी कशाला?"

"तुला गवसायचं न्हाई. माझ्या हाताला लागंल."

जीप उभी होती, पण भरली नव्हती. ड्रायव्हर आणखी माणसांसाठी ओरडत होता. एक बाई आली, तिची पोतडी वर चढवण्यात वेळ गेला. संघप्रिया दर थोड्या वेळानं फोन बघत होती. टिक एकच. निघाल्यावर रस्त्यात कापसाचा टेम्पो आडवा आला, तेव्हा तिनं पुढची सळई इतकी घट्ट धरली की शेजारचा माणूस म्हणाला, "ताई, दवाखान्यात कुणी हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली आणि लेकरू पाळण्यात कुशीवर वळतंय असं तिच्या डोळ्यांपुढं आलं. पुढचं तिनं येऊ दिलं नाही.

पार्सल ऑफिस म्हणजे बाजारातला एक गाळा. काऊंटरमागं बसणारा बन्सीधर तिला ओळखत होता. तिची खोकी तो कधी फेकत नसे.

"सकाळचं नाशिकचं खोकं परत पायजे," ती म्हणाली.

"थैलीत गेलं ताई. थैलीला सील लागलं. कॉम्प्युटरवर चढलं सगळं."

"उघडा मग."

"मला न्हाई उघडता येत. वरून परवानगी लागती. गाडी यायलीच आता." त्यानं आवाज खाली केला. "माझी नोकरी हाय ही. पत्ता चुकला असंल तर तिकडून बदलून घेता येईल, फिकीर करू नका."

"पत्ता बरोबर हाय. त्यात सुईचं टोक हाय. तान्ह्या लेकराचं दुपटं हाय ते."

बन्सीधर तिच्याकडं बघत राहिला. मग चांगुणाबाईंकडं. त्यानं फोन उचलला, वरच्या ऑफिसला लावला, थांबला, परत लावला. पलीकडून गाणं वाजत राहिलं, माणूस बोलेना. बाहेर गाडीचा हॉर्न झाला.

"दार लोटा ते," तो म्हणाला आणि कैची घेऊन मागं गेला. थैलीचं सील त्यानं एका झटक्यात कापलं. "लिहून द्यावं लागंल मला. बघू काय व्हायचं ते."

खोकं काऊंटरवर आलं. चिकटपट्टी संघप्रियानंच मारलेली, तिच्याच नखांना निघेना. शेवटी बन्सीधरनं पातं फिरवलं. पिवळं दुपटं काऊंटरवर पसरलं, तसा कडुनिंबाचा वास गाळ्यात भरला.

"सरका," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे मिटले आणि कडेपासून सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं टाक्यांच्या ओळींवरून हळूहळू पुढं सरकत होती. एक ओळ, मग दुसरी. कोपरे त्यांनी चिमटीत धरून चुरगाळून बघितले. गाडीवाला दारातून डोकावला, बन्सीधरनं त्याला हातानंच थांबवलं. चांगुणाबाईंनी दुपटं उलटं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं चाचपलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल पडला. "ह्यात काई न्हाई. घरीच पडलं असंल कुठं."

"बघा," बन्सीधर म्हणाला, "उगं घाबरलाव. टाकू मग थैलीत? गाडी थांबलीय."

संघप्रियाला हायसं वाटलं. आता गेलं तरी बारशाला पोचेल. तिनं घडी घालायला दुपटं उचललं आणि तिचा हात थांबला. पिवळ्या अस्तरावर लाल ठिपका होता. थोडं पुढं दुसरा. त्यापुढं पुसट रेघ, सासूबाईंचा हात जिथून गेला होता तिथून.

तिनं चांगुणाबाईंचा उजवा हात धरून उलटा केला. मधल्या बोटाच्या पेरावर रक्ताचा थेंब फुगला होता.

"आत्याबाई, टोचलंय तुमाला."

"कुठं?" चांगुणाबाई म्हणाल्या.

संघप्रियानं पहिल्या ठिपक्याभोवती जपून चाचपलं. टोक दोन थरांमध्ये आडवं होतं, कणभर वर आलेलं. तिनं नखांनी ओढून काढलं आणि कागदावर ठेवलं. बन्सीधर वाकून बघत राहिला. मग बाहेर जाऊन त्यानं गाडीवाल्याला बाकीच्या थैल्या दिल्या. गाडी गेली.

"कवापासून?" संघप्रियानं विचारलं.

चांगुणाबाईंनी बोट पदरात गुंडाळलं होतं. "दिवाळीपासून म्हण. आधी मुंग्या यायच्या. मग त्या बी थांबल्या, बोटाला काईच कळंना. डॉक्टर म्हणला साखरेनं व्हतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "टाका सरळ जायलाय न्हवं, मग कशाला सांगायचं असं वाटलं."

परतीच्या जीपची वाट बघताना सुनेत्राताईंचा फोन आला. "आत्ता फोन चालू केला. हा मेसेज काय आहे?"

संघप्रियानं सगळं सांगितलं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, तरी काही झाकलं नाही.

"सगळ्यांना सांगून ठेवलं होतं मी, बारशाला आईचं लुगडं येणार म्हणून."

"हां ताई."

"तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं..." त्या बोलता बोलता थांबल्या. कसं कळलं असतं, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. मग हळूच म्हणाल्या, "लुगडं ठीक आहे ना?"

"डाग पडलाय. गार पाण्यानं निघंल. समदं उसवून परत शिवते. पण बारशाला न्हाई व्हायचं. माझा हात सावकाश हाय."

"आणि त्या आजी?"

संघप्रियानं शेजारी बघितलं. चांगुणाबाई रस्त्याकडं तोंड करून बसल्या होत्या.

"त्या बघत्यात ना. त्यांच्या नजरंखालून गेल्याबिगर देत न्हाई मी."

"सावकाश द्या," सुनेत्राताई म्हणाल्या. "बाळ शाळेत जाईपर्यंत पांघरेल."

दुसऱ्या दिवशी संघप्रियानं उसवायला घेतलं. टाके इतके बारीक होते की प्रत्येक ठिकाणी ब्लेडचं टोक घालावं लागलं. चांगुणाबाई उंबऱ्यात बसून होत्या. सुटलेले दोरे त्यांनी आपल्याकडं ओढून घेतले, त्यांची गुंडाळी केली आणि कनवटीला लावली. लुगडं धुऊन वाळलं, तशी संघप्रिया शिवायला बसली. तिच्या ओळी वाकड्या जायच्या, ती उसवायची आणि परत घालायची.

दुपटं पुरं झालं त्या दिवशी तिनं खोकं, प्लास्टिक, पाला सगळं मांडलं. दुपट्यावरून दोनदा हात फिरवला आणि घडी घालायला घेतली.

"थांब," चांगुणाबाई म्हणाल्या.

त्या उठून आल्या. दुपटं बाजेवर पसरायला लावलं. मग वाकून, दोन्ही हात पाठीमागं धरून, त्यांनी आपला सुरकुतलेला गाल दुपट्यावर टेकला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो गाल हळूहळू सरकत गेला, ओळीमागून ओळ. संघप्रिया चिकटपट्टी हातात धरून उभी होती.

एका जागी चांगुणाबाई थांबल्या. "हितं दोरा गाठाळलाय. लेकराला रुतंल."

संघप्रियानं गाठ सोडवली आणि टाका नव्यानं घातला. चांगुणाबाईंनी गाल परत तिथंच टेकला आणि उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या. मग बाजेचा आधार घेत त्या सरळ झाल्या.

"आता बांध," त्या म्हणाल्या.