कापलेला पहिला इंच

"एवढ्यात तर दोराही यायचा नाही."

दातांत टाचण्या धरून कुणी पुटपुटलं तर शेजारच्याला ऐकू येत नाही. मला आलं, कारण मी आईच्या गळ्यातच होते. कोटवाली बाई नुकती जिना उतरली होती. तिचा कोट आईनं अख्खा उसवला होता, अस्तर बदललं होतं, काखेत जोड देऊन पुन्हा शिवला होता. "किती झाले?" असं बाईनं विचारलं, तेव्हा आई जमिनीकडे बघत म्हणाली, "द्या काय द्यायचं ते." बाईनं मनाला येईल ते दिलं आणि वर म्हणाली, "तुमच्या हातात जादू आहे हो!"

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिवणकामाची. अंगानं पिवळी, साठ इंच लांब, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. म्हणजे जन्मले तेव्हा तशी होते. आईनं मला आणलं त्या दिवशी कापड नाही, पाळण्यातली लेक मोजली. चोवीस इंच भरली.

तीच लेक चार वर्षांची झाल्यावर कात्री घेऊन माझ्यामागे लागली आणि माझा पहिला इंच टोपीसकट कापून मोकळी झाली. आई तिच्यावर ओरडली नाही आणि नवी टेपही आणली नाही. "एक वजा करायचा, झालं," म्हणाली. तेहतीस दिसले की बत्तीस. शेजारीण एकदा मला मागून घेऊन गेली आणि वजाबाकी विसरली. तिच्या नवऱ्याची पँट इंचभर सैल झाली. बिचारा दोन वर्षं पट्टा आवळून हिंडत होता. आईचं माप मात्र वीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.

कौतुकाला काही तोटा नव्हता. बाबा येईल-जाईल त्याला सांगायचे, "आमच्या हिला पैशाचा मोह नाही. एकदम समाधानी जीव." आई हसायची आणि मशीनवर मान घालायची. ती मान किती दुखायची ते तिथे लोंबकळणाऱ्या मलाच ठाऊक.

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. मशीनवर चादर पडली आणि मी खणात बटणांच्या डब्याखाली गेले. अंधारात घडी होऊन पडलं की अंगाला कायमच्या चुण्या पडतात, मित्रांनो. त्या इस्त्रीनंही जात नाहीत.

मला बाहेर काढलं ते लेकीनंच. आता ती कॉम्प्युटरवर कपड्यांचे बेत आखून देत होती. कापड कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, सगळं रेघांनी काढायचं आणि न पाहिलेल्या गिऱ्हाइकांना पाठवून द्यायचं. त्या वेबसाइटवर नाव घालताना दराची चौकट आली. तिनं बाकीच्यांचे दर पाहिले आणि सगळ्यात कमी होता, त्याच्याही खाली आपला लिहिला. "नवीन आहे ना मी," स्वतःशीच म्हणाली. त्याखाली आणखी एक ओळ घातली : समाधान होईपर्यंत बदल मोफत.

मी कॉम्प्युटरशेजारच्या खिळ्यावर होते. 'समाधान' हा शब्द वाचून माझ्या चुण्या दुखल्या.

पहिलं गिऱ्हाईक एक दुकानवाली बाई होती. तिला लहान मुलीचा फ्रॉक हवा होता. लेकीनं चार तासांत आखून दिला. मग बाह्या फुगीर हव्या झाल्या, मग नको झाल्या, मग थोड्याशा हव्या झाल्या. सात वेळा. शेवटी बाईनं पाच चांदण्या दिल्या आणि लिहिलं, "तुमच्या हातात जादू आहे." लेक आनंदानं घरभर फिरली. आईनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

आणि मग ती दुपार आली. बाईचा निरोप होता : तीस कपडे, सहा महिने, दर तोच, आज संध्याकाळपर्यंत कळवा.

बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. "आईवर गेलीये पोर. गिऱ्हाईक आपणहून येतं."

लेकीनं "चालेल" असं टाइपही केलं होतं.

"एकाला किती वेळ लागतो गं?" आईनं विचारलं.

"चार तास."

"आणि बाह्यांचे?"

"ते नाही धरत मी."

आईनं मला खिळ्यावरून काढलं आणि माझं कापलेलं टोक लेकीच्या पुढ्यात धरलं. "हा इंच दिसत नाही म्हणून मी कधी धरायचा सोडला का? सोडला असता तर गावभर पँटी गळाल्या असत्या. आता नीट धर. आखायचे चार. बदलांचे?"

"तीन... साडेतीन."

"निरोपांना उत्तरं देण्यात?"

"अर्धा."

"म्हणजे आठ. त्यात या कॉम्प्युटरचा हप्ता. तू अर्ध्या दरात काम करत्येस, बाई."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात : आम्हाला जपा, फेकू नका. माझं मागणं वेगळं आहे. मला खुशाल फेका, पण आपल्या कष्टाचं माप घेताना न दिसणारा इंच सोडू नका.

लेकीनं "चालेल" पुसलं. दुप्पट दर लिहिला. खाली लिहिलं : दोन बदल मोफत, पुढच्या प्रत्येक बदलाचे वेगळे. बोट मात्र बटणावर अडकून राहिलं.

"आई, ती गेली तर?"

"जाईलही."

"मग राहू दे ना. तू नाही का एवढी वर्षं मिळालं त्यात समाधानी राहिलीस?"

बाबांनी मान डोलावली. आईनं मला सवयीनं गळ्यात टाकलं. तिची मान ताठ झालेली मला कळली.

"समाधानी नव्हते गं मी," ती म्हणाली. "मागायला घाबरत होते."