अर्ध्या मीटरची अट

लोखंडी जाळी बाजूला सरकवून वल्लरी विहिरीच्या कठड्यावर वाकली आणि आधी तिने मोजून घेतलं: तीन टेनिसचे चेंडू, दोन सुके नारळ, एक निळी चप्पल, एक फुटकी बादली. बादली कडेला तिरकी रुतली होती. बाकीचं तरंगत होतं.

“तरंगतंय म्हणजे पाणी आहे,” तिचे वडील उमाकांत म्हणाले.

“चेंडू काय काका, चिखलावर पण तसाच बसतो की,” धनलक्ष्मीअक्का हसल्या. त्या मूळच्या निपाणीच्या, आणि यंदा सोसायटीच्या अध्यक्ष. “मोजू दे पोरीला. अर्धा मीटर म्हणजे अर्धा मीटर. पाणी कमी भरलं तर उद्या बुजवायला मातीचे ट्रक येणार. सरी? चालेल ना?”

“सरी.” उमाकांतांचं नख कठड्याचा सुटलेला गिलावा खरवडत राहिलं.

शहराबाहेर, येलहंक्याच्या पुढे, नाचणीच्या शेतांत, सरकारी कारखान्यातल्या इंजिनियरांनी हे चौसष्ट प्लॉट घेतले तेव्हा इथे रस्ता नव्हता, बस नव्हती. पहिल्या घराच्या आधी त्यांनी विहीर खणली, दर रविवारी, आपल्या हातांनी. मग प्रत्येक घराच्या वास्तुशांतीचा कलश याच पाण्याने भरला. आता त्यांतल्या अकरा घरांत उमाकांतांसारखी जुनी माणसं उरली होती. बाकीच्यांवर मजले चढले होते, मजल्यांवर भाडेकरू, आणि त्यांच्या गाड्या रस्ताभर उभ्या. गाड्यांना जागा हवी होती. भर उन्हाळ्यात पाणी नसेल तर विहीर ठेवायची कशाला, हा प्रश्न वल्लरीलाही रास्त वाटत होता. तिने नुकतीच भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केली होती, म्हणून मोजायचं काम तिच्याकडे आलं.

ते तिला लवकर उरकायचं होतं. महिन्याभरापूर्वी जेवताना तिचे अण्णा, उमाकांत, म्हणाले होते, “विहीर बुजली तर माझं इथे राहिलं काय? मग जाऊ पुष्करकडे.” पुष्करदादा शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला राहायचा. त्याच्या समोरचाच फ्लॅट रिकामा होता, लिफ्ट आणि चोवीस तास पाण्यासकट. आई दुसऱ्याच दिवशी जाऊन तिथल्या स्वयंपाकघराची मापं घेऊन आली होती. आईचे गुडघे या घराच्या जिन्याला कंटाळले होते, आणि आई टँकरची वाट बघण्याला.

वल्लरीने वजन बांधलेली टेप सोडली. एकदा पाण्यापर्यंत, एकदा तळापर्यंत. टेप ओढून घेतली, पुसली, पुन्हा सोडली. डोक्यावरून हवाई दलाचं विमान गेलं. मागे कुणीतरी गाडी काढायला जागा मिळेना म्हणून हॉर्न वाजवत होतं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तिने दोरीला बाटली बांधली.

तिची आई हेमलता मागच्या दाराने चहाचा ट्रे घेऊन आली. विहिरीला लागूनच त्यांच्या परसाची भिंत होती.

“आता हे काय?” तिने विचारलं.

“नमुना घेते. क्षार किती ते बघायचं.”

“ते कशाला? खोली तेवढी सांगायची होती ना?”

“सवय गं, आई.”

तिने बाटलीत क्षार मोजायचा मीटर बुडवला. अकराशे ऐंशी. तिने मीटर झटकला, कोरडा केला, पुन्हा बुडवला. अकराशे अठ्ठ्याहत्तर. पावसाचं मुरलेलं पाणी साठवणारी इतकी उथळ विहीर. तीनशे, फार तर चारशे यायला हवे होते.

“बाटली धुऊन आणते,” ती म्हणाली आणि घरात गेली.

स्वयंपाकघरात भरून ठेवलेलं टँकरचं पाणी होतं, हजार फूट खोल बोअरचं. त्याने पातेल्यांना पांढरा थर धरायचा. तिने पेलाभर पाणी घेऊन मीटर बुडवला. अकराशे ऐंशी.

ती परसात आली. तुळशीच्या कुंडीतल्या मातीला भेगा पडल्या होत्या. कढीपत्त्याच्या बुंध्याशी बोट खुपसलं तर ते कोरडंच बाहेर आलं. गुरुवारी आलेला टँकर शनिवारी सकाळीच संपला तेव्हा आई म्हणाली होती, झाडांना घातलं. नळाला लावलेला हिरवा पाइप अंगणातून सरळ भिंतीपर्यंत गेला होता आणि भिंतीवरून पलीकडे उतरला होता.

मागे चपला वाजल्या. हेमलताने तिच्याकडे न बघता पाइप ओढून घेतला. टोकातून थोडं पाणी तिच्या पायांवर सांडलं. ती गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली आणि वेटोळं घालू लागली.

“तिथला ओटा बुटका आहे गं,” ती म्हणाली. “दोनदा मोजला मी. पाठ दुखेल माझी.”

वल्लरीने नळाचं तोंड घट्ट केलं. मग मीटर बंद केला आणि खिशात टाकला.

बाहेर चहा संपला होता. आणखी दोघे-तिघे येऊन उभे होते. उमाकांत कठड्याला टेकून आत बघत होते, चेंडूंकडे.

“किती वेळ गं?” धनलक्ष्मीअक्का म्हणाल्या. “स्वल्प लवकर सांग की, ट्रकवाल्याला फोन करायचाय. किती भरलं?”

“बावन्न सेंटिमीटर,” वल्लरी म्हणाली.