पडद्यावरच्या पोरीची अंगाई

रेवणप्पाचे हात पेटीवर असत आणि डोळे पडद्यावर. चित्र मुकं, त्याला वाचा द्यायची ती ह्यानं. घोडी उधळली की साथीला बसणारा तबलजी गुंडा टापा टाकायचा, राजा रुसला की रेवणप्पा हलकेच खालच्या सुरात उतरायचा. सोलापुरात मूकपटांना पेटी वाजवता वाजवता त्याच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं. सूर कधी शोधावा लागला नव्हता.

अडला तो वनवासी राणीच्या चित्रापाशी. राणी झाडाखाली बसून चार वर्षांच्या पोरीला मांडीवर निजवते, आणि पोर निजते ती उठतच नाही. रेवणप्पानं नाटकातलं एक पद धरलं. पहिल्याच दिवशी पुढच्या बाकांवरनं, शेंगा फोडता फोडता, गिरणीतला कुणीतरी ओरडला, "ए पेटीवाल्या! बाई रडतीया अन् तू वरात काढतूस व्हय?"

थेटर खदखदलं. पोर मेली तरी हसतच राहिलं.

"रेवणप्पा," खेळ सुटल्यावर मॅनेजर यज्ञेश्वरपंत म्हणाले, "पोर मेल्यावर लोक हसायला लागले, तर शनिवारी चित्र उतरवावं लागेल. काहीही वाजवा, पण रडवा हो."

"रडवतो की."

म्हणाला खरा, पण त्याच्यापाशी अंगाई म्हणून एकच होती. त्याची बायको बसम्मा गायची ती, त्यांच्या नीलव्वासाठी:

नीज आली नीज आली, जोंधळ्याच्या बांधावरून
माझ्या नीलव्वाच्या डोळी, बसे पाखरू होऊन

नीलव्वाही चारच वर्षांची. गेल्या साली तापानं फणफणली आणि ह्याच ओवीवर आईच्या मांडीत शांत झाली. तेव्हापासून बसम्मानं ती ओठांवर आणली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला रेवणप्पानं ती पेटीवर काढली. शब्द नाहीत, नुसती चाल. शेंगा फुटायच्या थांबल्या. बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला, मागून दुसरा. गुंडानं तबल्यावरचे हात उचलून मांडीवर ठेवले. रेवणप्पाच्या डोळ्यांत पाणी दाटलं, पडद्यावरची पोर त्यात विरघळली आणि तिच्या जागी नीलव्वा उभी राहिली, हिरव्या खणाच्या परकरात, गूळ खाऊन चिकट झालेल्या ओठांची. वर्षानं लेक भेटली होती.

मग काय, रोज भेटावी म्हणून रोज वाजवू लागला. दिवसाला दोन खेळ. शनिवार आला नि गेला, चित्र काही उतरलं नाही. कुंभारीची, टेंभुर्णीची माणसं गाड्या जुंपून रडायला येऊ लागली. चौथ्या आठवड्यात रेवणप्पाचे डोळे कोरडे राहिले. त्याला वाटलं, दुःख निवतंय. बरंच झालं.

नवव्या आठवड्यात शेजारणीनं बसम्माला ओढून खेळाला नेलं. परतली ती तशीच घरात शिरली. चुलीपुढं बसली, पण चूल पेटवली नाही.

"पोरगी कुणाची ती?"

"चित्रातली गं. कुणाची का आसंना."

"नीलव्वाचं गाणं तिला दिलंसा."

"आगं, आपल्या नीलव्वासाठीच रडत्यात की सारी!"

"व्हय? नाव तरी ठाव हाय का तिचं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी अंगाईची जागा आली तेव्हा रेवणप्पानं डोळे घट्ट मिटले. म्हटलं, पडदा बघायचाच नाही, आपली लेक बघायची. हात चालत राहिले. पोर आली, परकरही हिरवाच होता. पण त्या परकरावरचं तोंड पडद्यावरच्या पोरीचं होतं, राखेच्या रंगाचं, आणि ओठ हलत होते ते बिनआवाजाचे. रेवणप्पाचं बोट पट्टीवरून घसरलं. रडण्याच्या गलक्यात ते कुणाला कळलंही नाही.

अकराव्या आठवड्यात चित्र एकदाचं उतरलं. रिळांचे डबे टांग्यातून स्टेशनवर गेले, तिथून गुलबर्ग्याच्या गाडीत. रेवणप्पा फलाटावर उभा राहून गाडी दिसेनाशी होईतो बघत राहिला. गेली ती परकी पोर. आता आपली घरी येईल.

दिवस उताराला लागताना तो घरी आला, भिंतीला टेकला, डोळे मिटून ती चाल गुणगुणला. एकदा, दोनदा. मग उघड्या डोळ्यांनी बसून राहिला. पोरीचा फोटो काढायचं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बसम्मा जोंधळा पाखडत होती. तो तिच्यापुढं जाऊन उकिडवा बसला.

"नीलव्वा दिसायला कशी हुती गं?"

सूप थांबलं.

"सांग की. मला दिसंना झालीया. तू सांगितलंस तर दिसंल. नाक कसं हुतं तिचं?"

"नाक…" बसम्मानं बोट उचललं, हवेत एक रेघ ओढली, पुसल्यागत हात फिरवला, पुन्हा ओढली. "नाक तिचं… आन् हनुवटी…"

बोट तसंच राहिलं.

"म्या एकडावच बगितलं वो ते चित्र," ती म्हणाली. "एकडावच. तवापासनं मला बी तीच दिसती."