पेटीतला अंगठा

मित्रांनो, जिच्या पोटात हवासुद्धा चालत नाही अशी मी एक जुनी पोलादी पेटी आहे. पोलंडमधल्या क्राकूव शहराच्या एका प्रयोगशाळेत माझी वीस वर्षं गेली. पंप माझ्यातली हवा शोषून घेतात आणि मग माझ्या आत एका तबकडीवर लोखंडाचा थर चढवला जातो, एका अणूइतका पातळ. लोखंडाच्या ढेकळात अणूंना चहूबाजूंनी शेजारी असतात, म्हणून ते आखडून, भराभर थरथरतात. माझ्या थराची वरची बाजू मोकळी. तिथे ते सैल आणि संथ थरथरतात. निदान माझ्यावर काम करणाऱ्या यागोदाचं तसं म्हणणं होतं. ते सिद्ध झालं की तिला डॉक्टरेट मिळणार होती. त्यासाठी क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रापुढे आम्हाला वर्षातून पाचच दिवस मिळत.

यागोदा कोपरापर्यंत हात धुवायची, वर दोन-दोन हातमोजे घालायची. मला घाण वाटायची ती तिच्या प्रोफेसरांची.

यंदा त्या पाचातल्या दुसऱ्याच दिवशी चरबट गुरुवार आला, म्हणजे ईस्टरआधीचे उपास लागण्यापूर्वीचा. त्या दिवशी इथे सगळे गुलाबाचा मुरंबा भरलेले, चरबीत तळलेले गोड गोळे खातात. प्रोफेसर बोगुमिल खोकंच घेऊन आले.

"खा गं! आज नाही खाल्लास तर वर्षभर नशीब फुटकं."

"सर, पेटीचं छोटं दार उघडं आहे. बाहेर जाऊन खा ना."

"अगं, चौथा आहे माझा. काही होत नाही!"

ती पंप बघायला वाकली. तेवढ्यात त्यांनी बोटं चाटली आणि दारात ठेवलेली तबकडी वाकडी वाटली म्हणून उघड्या अंगठ्याने सरळ केली. शी! कोमट, ओशट, थुंकीने ओला अंगठा! मला ओरडता येत नाही, नाहीतर इमारत गोळा केली असती.

पुढे तबकडी आत जाऊन तापली, तशी ती चरबी उडून थरभर पसरली. मोकळे अणू त्या घाणीखाली जखडले. दोन दिवस मोजमाप चाललं आणि आलेख निघाला तो थेट ढेकळातल्या लोखंडासारखा.

"तुझं म्हणणंच चुकलं, बाई," प्रोफेसर म्हणाले.

यागोदाने माझं दार उघडलं. तिने तबकडी बाहेर ओढली. कडेला तपकिरी ठसा करपला होता, तिच्या अंगठ्याच्या जवळजवळ दुप्पट.

"सर, हे कुणाचं?"

प्रोफेसर रुमालाने तो ठसा पुसायला लागले! "हे बघ, पेटी तापवून शुद्ध करायला तीन दिवस लागतील आणि हातात एकच दिवस उरलाय. आहे तोच आलेख लिही. आत डोकावून कोण बघणार आहे?"

अंगठ्यापेक्षा मला या बोलण्याची जास्त किळस आली.

यागोदाने नोंदवही ओढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "गुरुवारी तबकडीला प्रोफेसरांचा उघडा अंगठा लागला. मोजमाप रद्द." खाली सही केली आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. "आता तुम्ही करा."

तिची डॉक्टरेट वर्षभर लांबली. मित्रांनो, माझ्याजवळ येताना हात धुऊन या. विसरलात तर निदान तसं सांगा. तापवून घ्यायची माझी तयारी आहे. वही अजून माझ्या शेजारीच असते. यागोदाच्या सहीखालची जागा कोरी आहे.