हौदातलं घड्याळ

विजयश्री कदमच्या लेकीवर शाळेत चोरीचा आळ आला. एका कंपासपेटीवरून. पेटी दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या कपाटामागे सापडली, बाईंनी फोन करून माफीही मागितली. पण आदल्या संध्याकाळी ती अकरा वर्षांची पोरगी मोशीच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची कडी लावून जी रडली, ते दाराबाहेर उभं राहून ऐकताना विजयश्रीला दीपमाला शेळके आठवली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच, इतकी स्पष्ट.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरी तिथे राहायच्या. विजयश्री आणि दीपमाला सातवीत, एकाच खोलीत, पेटीला पेटी लावून. एके सकाळी रेक्टरबाई आंघोळीला गेल्या असताना विजयश्रीने त्यांचं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ हातात घालून बघितलं. मिरवत मागच्या हौदापर्यंत गेली, आणि ढिला पट्टा मनगटावरून सुटून घड्याळ पाण्यात गेलं. दुपारी बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "दीपमाला तुमच्या खोलीतनं येताना दिसली होती."

दीपमालाची पेटी अंगणात उपडी केली गेली. घड्याळ निघालं नाही, तरी दुसऱ्या दिवशी तिची आई येऊन तिला घेऊन गेली. पुढे तिची शाळा सुटली, पंधराव्या वर्षी लग्न झालं, एवढंच कुणाकडून तरी कानावर आलं होतं.

लेक झोपायच्या आधीच विजयश्रीने फोन हातात घेतला. वसतिगृहाच्या जुन्या मुलींचा फेसबुकवर एक ग्रुप होता. त्यात शोधता शोधता 'दीपमाला शेळके' सापडली. फोटोच्या जागी झेंडूचं फूल. गाव – काळेवाडी, पिंपरी-चिंचवड. विजयश्रीला खरं वाटेना. आपण मोशीत आणि ती काळेवाडीत! इतकी वर्षं दोघी एकाच शहरात भाजी घेत होत्या.

तिने मेसेज टाकला. दीपमालाला टाइप करायचा कंटाळा, ती बोलूनच पाठवायची. पहिल्याच निरोपात ती इतकी हसली की विजयश्रीचे डोळे भरून आले. "विजू! अगं कुठं होतीस? फोटोत लई साहेबीण दिसायलीस."

आठवडाभर दोघी बोलत राहिल्या. दीपमालाचा नवरा टेम्पो चालवायचा, मुलगी दहावीला होती. ती स्वतः चाकणला कुठल्याशा कंपनीत ठेकेदाराकडून पॅकिंगला जायची. विजयश्रीने आपण चाकणलाच ऑफिसात असतो एवढं सांगितलं. हुद्दा सांगितला नाही. उगीच मोठेपणा दिसायला नको म्हणून.

शनिवारी तिने सगळा धीर एकवटून लिहिलं. घड्याळ माझ्या हातून हौदात पडलं. मी तुझं नाव घेतलं. माझ्यामुळे तुझी शाळा गेली. मला माफ कर.

उत्तर यायला अर्धा तास लागला.

"मला माहीत होतं की गं," दीपमालाचा आवाज म्हणाला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती. "मी बघितलं होतं तुला हौदापाशी. पण तुहं नाव सांगितलं असतं तर तुला कुठं पाठवलं असतं? तुही माय वारलेली, बाप टोळीसंगं कारखान्यावर. मला निदान माय तरी होती. जाऊ दे. लहान होतो आपण. आता कामून रडायलीस?"

विजयश्री खरंच रडत होती. पण मन हलकं झालं होतं. पुढच्या रविवारी निगडीला भेटायचं ठरलं. तिने दीपमालासाठी अबोली रंगाची साडीही आणून ठेवली.

त्या आठवड्यात कंपनीत कामाचा रेटा होता. विजयश्री इथे एचआर मॅनेजर म्हणून येऊन चार महिने झाले होते, अजून कायम व्हायची होती. कंपनी गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवायची. त्यात बसवायचे पितळी इन्सर्ट गेले महिनाभर कमी भरत होते. मंगळवारी सुटीच्या वेळी गेटवर एका पॅकिंगवालीच्या डब्याच्या पिशवीत इन्सर्टची पुडी सापडली. ठेकेदाराचा सुपरवायझर बंटी कागद घेऊन वर आला.

"मॅडम, चोर घावला. गेटबंद करून टाका, म्हंजी बाकीच्यांना बी धाक बसंल."

"तिचं म्हणणं घेतलं का?"

"घेतलं की. म्हणती म्या न्हाई. समदे तेच म्हणत्यात."

विजयश्रीने गेटबंदचा, म्हणजे कामावरून काढायचा, कागद पाहिला. यशोदा भिमाजी थोरात, टोकन नंबर बेचाळीस. ओळखपत्राच्या झेरॉक्सवर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. खाली एचआरच्या सहीची जागा. तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दीपमालाचा निरोप आला. आवाज ओळखू येईना, इतका बसला होता.

"विजू, मला कामावरून काढलं गं. चोरी केली म्हणायलेत. माह्या पिशवीत कुणी काय टाकलं, मला काहीच माहीत नाही. आमच्या लाइनवर एक लहान पोरगी आहे, सुपरवायझरनं तिचा हात धरला, म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याला सगळ्यांदेखत बोलले होते. त्याचंच हे काम असंल. पोरीला घरी काय सांगू? तू ऑफिसात असतीस, काय करावं ते सांग."

विजयश्री संतापली. असल्या सुपरवायझरांना ती चांगली ओळखून होती. तिने भराभर लिहिलं : घाबरू नकोस. लेखी अर्ज दे. चौकशीशिवाय असं काढता येत नाही, समोरासमोर सुनावणी माग. मी सांगते तसं लिही. मग तिने अर्जाचा मजकूरच तयार करून पाठवला, आणि शेवटी विचारलं : कंपनीचं नाव काय?

दीपमालाने नाव सांगितलं. ते नाव विजयश्रीच्या गळ्यातल्या निळ्या पट्टीवर छापलेलं होतं.

"आणि अर्जात दीपमाला लिहू नको हं," पाठोपाठ दुसरा निरोप आला. "लग्नात सासरच्यांनी माहं नाव बदललं. कागदावर यशोदाच आहे. दीपमाला फकस्त फेसबुकवर राहिलीय."

विजयश्रीने डबा तसाच झाकून ठेवला.

तिने निदान एक गोष्ट केली. केबिनचं दार लावून मंगळवारचं सीसीटीव्ही फुटेज काढलं. कॅन्टीनबाहेर बायकांच्या पिशव्या ठेवायची मांडणी होती. दोन वाजून दहा मिनिटांनी बंटी तिथे आला, इकडेतिकडे बघितलं, खिशातून पुडी काढली आणि बेचाळीस नंबरच्या कप्प्यातल्या पिशवीत सारली. अगदी स्वच्छ दिसत होतं. तिने तीनदा बघितलं.

बंटी म्हणजे सोपानरावांचा सख्खा पुतण्या. कंपनीची शेड ज्या जमिनीवर उभी होती ती सोपानरावांची, बसगाड्या त्यांच्या, कॅन्टीन त्यांचं, आणि मजुरांचा ठेकाही त्यांचाच. आधीच्या एचआर मॅनेजरने त्यांच्या एका माणसाला काढलं, तर दुसऱ्या दिवशी गेटसमोर ट्रॅक्टर आडवा लागला होता. आठवड्याने तो मॅनेजरच गेला. ही गोष्ट विजयश्रीला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आली होती.

फुटेज पंधरा दिवस राहायचं, मग आपोआप पुसलं जायचं. जपून ठेवायचं असेल तर एक बटण दाबायला लागायचं. विजयश्रीने स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि स्वतःला सांगितलं, आधी सुनावणी होऊ दे. मग बघू.

दीपमालाला तिने काहीच सांगितलं नाही. "बघते" एवढं लिहिलं.

अर्ज शुक्रवारी आला. विजयश्रीचेच शब्द, कुणा मुलीच्या गोल अक्षरात. प्लांट मॅनेजरने तो वाचून भुवया उंचावल्या. "हिला एवढं कायद्याचं कुणी शिकवलं? युनियनचं कोणी मागे आहे का बघा. उद्या सकाळी बोलावून विषय संपवा. सोपानरावही येतील."

शनिवारी अकरा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर, सोपानराव आणि विजयश्री बसले. बंटी भिंतीला टेकून उभा. विजयश्रीने रात्रभर विचार करून ठरवलं होतं, की आपण फाइलमधून मान वर काढायची नाही. तोंडाला मास्क लावायचा, असंही ठरवलं होतं. पण मॅनेजरने "बरं नाही का?" विचारलं, आणि तिने तो काढून ठेवला.

दार उघडलं. आत आलेली बाई वाळलेली, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. तिने खोलीभर नजर फिरवली, आणि ती नजर विजयश्रीवर थांबली.

दीपमालाचा चेहरा असा काही उजळला की बंटीसुद्धा टेकण सोडून सरळ झाला.

"विजू!" ती म्हणाली. "अगं, तू हितं? बोलली नाहीस ती! बरं झालं माय, आता काही भ्याव नाही." तिने पदराने डोळे पुसले आणि मॅनेजरकडे वळली. "साहेब, हिला विचारा. ही मला लहानपणापासून ओळखती. मी चोरी करणारी बाई नाही. हिच्याइतकं कुणालाच माहीत नाही ते."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही ओळखता यांना?"

सोपानरावांनी मान वळवून विजयश्रीकडे पाहिलं. तिच्या डोक्यात एकाच वेळी पुष्कळ गोष्टी आल्या – गेटबंदच्या कागदावरची आपली सही, अर्जाचा मजकूर कुणी लिहून दिला ते, गेटसमोरचा ट्रॅक्टर, पुढच्या महिन्यातलं कायम व्हायचं पत्र.

"नाही," ती म्हणाली. "बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी तुम्हाला ओळखत नाही."

ती वाक्यं तिने नीट, स्वच्छ उच्चारली. मुलाखतीत बोलतात तशी.

दीपमाला तिच्याकडे बघत राहिली. तिच्या हातात फोन होता. त्यात सगळं होतं : मेसेज, माफी, अर्जाचा मजकूर, ठरलेला रविवार. तो टेबलावर ठेवला असता तरी पुरलं असतं. विजयश्रीची नजर त्या फोनवरून हलेना. दीपमालाने ती नजर पाहिली. मग हळूच फोन पदराखाली घेतला.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "चेहऱ्यात फसले मी. माही मैत्रीण अशी नव्हती."

बंटी हसला. सोपानराव म्हणाले, "चला, झालं तर. बाई, आमी पोलिसात देत न्हाई, पोरीबाळीची हायेस म्हणून. हितं सही कर, आन् पुन्ना या वाटंला येऊ नगंस."

कागदावर लिहिलं होतं की पिशवीतला माल मीच घेतला, माझी चूक मला मान्य आहे. विजयश्रीने तो टेबलावरून पुढे सरकवला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. दीपमालाने सही करताना विचारलं, "कुठलं नाव लिहू?" आणि उत्तराची वाट न बघता यशोदा लिहिलं.

ती गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "काय एकेक नाटकं असतात! तुम्ही छान हाताळलंत, मॅडम."

रविवारी विजयश्री निगडीला गेली नाही. घरी बसून तिने लांबलचक मेसेज लिहिला. माझा नाइलाज होता. तुला ठाऊक नाही ही माणसं कशी आहेत. मी दुसरीकडे कुठेतरी तुझ्या कामाचं बघते. मला समजून घे, आधी घेतलंस तसं. मेसेज वाचल्याची खूण लगेच उमटली. उत्तर बुधवारी आलं.

"विजू, तव्हा आपण बारा वर्षांच्या होतो," आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "मला आता मेसेज करू नको. माही लेक हा फोन बघती. तिनंच तो अर्ज लिहिला होता, अन् आता तिच्या शाळेत सगळ्यांना कळलंय की तिची माय चोर आहे. तिनं शाळेत जायचं बंद केलंय. तिला कळायला नको की तू कोण."

विजयश्रीने तो निरोप एकदाच ऐकला. संध्याकाळपर्यंत झेंडूचं फूल फेसबुकवरून नाहीसं झालं.

तेव्हा फुटेजला अजून सहा दिवस होते. एके दुपारी ती ते उघडून बसलीही होती. पण बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि तिने ते मिटून टाकलं. पुढच्या मंगळवारी ती तारीख यादीतून गेली. महिनाअखेरीला कायम झाल्याचं पत्र आलं. अबोली साडी तिने घरकाम करणाऱ्या बाईला देऊन टाकली.

सोमवारी नव्या अकरा बायका पॅकिंगला घ्यायच्या होत्या. विजयश्रीने त्यांना नेहमीप्रमाणे नियम समजावले. केस टोपीत, बांगड्या नको, फोन लॉकरमध्ये, जाताना गेटवर पिशवी उघडून दाखवायची. बंटी टोप्या वाटत होता. मागच्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला.

"मॅडम, पिशवी तर बाहेर मांडणीवर राहणार. कुणी दुसऱ्यानं त्यात काही टाकलं तर?"

बंटीचा टोप्या वाटणारा हात थांबला.

"आपापल्या पिशवीची जबाबदारी आपापली," विजयश्री म्हणाली, आणि तिने पुढचा नियम वाचायला घेतला.